लघूंनी चढायचा घाट

'घाट' हा शब्द आम्ही मराठीचे प्राध्यापक वर्गात वापरतो तेव्हा त्याचा रस्त्याशी काहीही संबंध नसतो. कादंबरीचा घाट, कवितेचा घाट, आशयाला लाभलेला आकार असे आम्ही सांगत असतो आणि समोरची मुले ते वहीत उतरवून घेत असतात. त्यांपैकी निम्म्यांच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी दिवे घाट किंवा पाटसजवळचा रोटी घाट उभा असतो, असा आमचा जुना संशय आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्या मुलांच्या बाजूचे आहोत. लेखाचा विषय रस्त्यावरचा घाट हाच आहे, आणि तोही एका विशिष्ट सायकलवरून चढायचा.

ही सायकल म्हणजे रिकंबंट. पाठीला टेका, बूड जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, पाय समोर पसरलेले आणि पायडल जवळजवळ बुडाच्या पातळीला, अशी तिची बैठक असते. मराठीत तिला रूढ नाव नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा आपसांत तिचे 'शेषशायी' असे नामकरण करून टाकले, आणि पारिभाषिक संज्ञा घडवणाऱ्या कोणत्याही समितीला इतके नेमके नाव सुचले नसते म्हणून आम्हीही ते स्वीकारले.

हे वाहन आमच्याकडे हौसेने आलेले नाही. आम्ही दोघे एकाच विभागात शिकवतो आणि गेली कित्येक वर्षे रविवारी सकाळी सायकलवरून बाहेर पडतो. वर्गात, विभागाच्या बैठकीत, घरी जे बोलता येत नाही ते सायकलवर बोलता येते. आमच्या बहुतेक वाचनाची खरी चर्चा नीरा डाव्या कालव्याच्या कडेनेच झालेली आहे. चाळिशी ओलांडल्यावर आमच्यापैकी एकाच्या मानेच्या मणक्यांनी तक्रार सुरू केली. हाताला मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी सांगितले की, पुढे वाकून, हातांवर भार देऊन, मान वर उचलून बसणे बंद करा. साध्या सायकलवर बसणे म्हणजे नेमके हेच तीनही. प्रश्न व्यायामाचा नव्हता. व्यायामाला चालणे पुरते. प्रश्न रविवारचा होता.

बारामतीच्या एमआयडीसीत राहण्याचा एक फायदा असा की, लोखंडाचे काहीही करून देणारा माणूस हाकेच्या अंतरावर भेटतो. भिगवण रस्त्यालगतच्या या वसाहतीत तीनचाकी गाड्या बनवणारा पियाजिओचा मोठा कारखाना आहे, तसे पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचे यंत्र, लेथ आणि दोन पोरे एवढ्यावर चालणारे लहान उद्योगही आहेत. अशाच एका शेडमध्ये दोन जुन्या सायकलींचे सांगाडे जोडून आमची शेषशायी तयार झाली. मागचे चाक सव्वीस इंची, पुढचे वीस इंची. टेक्याला नवारीच्या पट्ट्या, कारण त्यांतून वारा खेळतो आणि पाठीचा घाम वाळतो. पायडल पुढे आणि चाक मागे असल्यामुळे साखळी इतकी लांब लागली की, जवळजवळ तीन साखळ्या एकीला एक जोडाव्या लागल्या.

सायकल उभी राहिल्यावर त्या कारागिराने ती शेडबाहेरच्या रस्त्यावर एक फेरी मारून आणली आणि उतरता उतरता विचारले, "सर, हिच्यावर उभं राहता येत नाय. मग चढाला काय करणार?"

रिकंबंटविषयी जे काही लिहिले-बोलले जाते त्या सगळ्याचा गाभा या एका प्रश्नात आहे. साध्या सायकलवर चढ आला की आपण नकळत बुडावरून उठतो. सत्तर किलोचा माणूस एका पायडलवर उभा राहिला की ते सगळे वजन पायडलला खाली रेटते. स्नायू थकले तरी वजन थकत नाही. पाठ टेकून बसलेल्याजवळ ही सोय नाही. त्याचे वजन खुर्चीत आहे आणि खुर्ची पायडलच्या बाजूची नाही. त्याने पायांनी जेवढे ढकलले तेवढेच चाकाला मिळणार.

सपाटीवर मात्र याच बैठकीचा मोठा लाभ होतो, कारण वाऱ्याला आडवे येणारे अंग लहान होते. त्याचा इतिहासातला पुरावा प्रसिद्ध आहे. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर फ्रान्सिस फोर या दुसऱ्या श्रेणीच्या समजल्या जाणाऱ्या सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या रिकंबंटवरून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर काटले आणि ऑस्कर एग यांचा १९१४ पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने स्पर्धेतल्या सायकलची व्याख्या अशी काही ठरवली की ही बैठक व्याख्येबाहेर पडली. व्याख्या करणे म्हणजे कोणाला तरी दाराबाहेर ठेवणे, हे वाङ्मयप्रकारांच्या व्याख्या शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पण फोर यांचा तो विक्रम सपाट धावपट्टीवरचा होता, हेही विसरू नये. ताशी पंचेचाळीस किलोमीटरला वारा हा मुख्य शत्रू असतो. ताशी सहा किलोमीटरने घाट चढताना वारा जवळजवळ नसतोच. तिथे सामना फक्त वजनाचा.

आता थोडे गणित करावे लागेल. ते छंदःशास्त्राहून अवघड नाही. एक किलोमीटर लांबीचा, पाच टक्क्यांचा चढ घेऊ, म्हणजे माथ्यावर पोचेपर्यंत आपण ५० मीटर उंच जाणार. माणूस, सायकल, पाणी, पिशवी मिळून वजन १०० किलो धरले, तर हे ओझे तेवढे वर उचलायला सुमारे ४९,००० ज्यूल एवढे काम करावे लागते. उभ्याने चढा, बसून चढा, निजून चढा, रडत चढा, हा आकडा बदलत नाही. तो घाटाने ठरवलेला आहे. आपल्या हातात असते ते फक्त त्याचे हप्ते पाडणे. जुन्या धाटणीच्या सायकलला पुढे ४४ दाते आणि मागे १८ दाते असतात. असे गिअर आमच्या सव्वीस इंची चाकाला लावले, तर पायडलच्या एका फेरीत चाक सुमारे पाच मीटर पुढे जाते. म्हणजे हा चढ दोनशे फेऱ्यांत संपतो आणि प्रत्येक फेरीला सुमारे २४५ ज्यूल मोजावे लागतात. पुढे २२ आणि मागे ३४ दाते लावले, तर एका फेरीत चाक सव्वा मीटरहून थोडे अधिक सरकते, साडेसातशेच्या आसपास फेऱ्या लागतात आणि प्रत्येक फेरीचा हप्ता पासष्ट ज्यूलवर येतो. पहिला हप्ता पायडलवर उभे राहणाऱ्याचा आहे. दुसरा बसलेल्या माणसाला परवडणारा आहे.

बारामतीत राहून हे समजून घेणे आम्हांला तुलनेने सोपे गेले, कारण या गावाने एक मोठा मात्रामोजणारा सांभाळला आहे. मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथेच राहिले आणि आर्येच्या साच्यात त्यांनी महाभारत बसवले. मोरोपंतांची आर्या शास्त्रदृष्ट्या बहुधा गीती असते: बारा आणि अठरा मिळून तीस मात्रांचे एक अर्ध, आणि दुसरेही तसेच. अक्षरांची संख्या ठरलेली नाही, मात्रांची ठरलेली आहे. चार मात्रांचा एक गण दोन गुरूंनीही भरतो आणि चार लघूंनीही. नियमांच्या मर्यादेत निवड कवीची. विद्यार्थी दरवर्षी विचारतात की, ओळीत अक्षरे कमीजास्त असूनही वृत्त एकच कसे. हल्ली आम्ही त्यांना घाटाचे उदाहरण देतो. घाटाच्या मात्रा ठरलेल्या आहेत. साध्या सायकलवरचा माणूस त्या गुरूंनी भरू शकतो. शेषशायीवरच्याने लघूंनी भराव्यात. रिकंबंटवरून चढ चढण्याचे सगळे तंत्र या एका वाक्यात मावते. पुढचे सारे विवरण.

पहिली गोष्ट बैठकीची. टेका आणि पायडल यांतले अंतर असे हवे की, पायडल सर्वांत दूर गेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हावा, पण गुडघ्यात किंचित वाक उरावा. अंतर कमी असेल तर गुडघा दर फेरीला नको तितका दुमडतो आणि चढावर पहिली बोंब तोच मारतो. इथे एक मोह सांभाळावा लागतो. पाठीला भक्कम टेका असल्यामुळे पाय ताठ करून, पाठ रेटून, व्यायामशाळेतल्या यंत्रावर ढकलावे तसे ढकलता येते. क्षणभर फार जोर मिळाल्यासारखा वाटतो. पण तो जोर गुडघ्याच्या वाटीतून जातो. नवख्याने जड गिअर पाठीच्या रेट्याने फिरवण्याची सवय लावून घेऊ नये. तो गुरूचा मोह आहे.

दुसरी गोष्ट गिअर बदलण्याच्या वेळेची. साखळी फिरत असतानाच ती एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर जाते, आणि पायांवर ताण आल्यावर ती कुरकुरत, अडखळत जाते. म्हणून चढ पायाला जाणवण्याआधी, डोळ्यांना दिसतो तेव्हाच हलके गिअर घ्यावे. चढ सुरू होण्यापूर्वीच्या वीस-पंचवीस मीटरांत पाय रिकामेच फिरताहेत असे वाटले तर ते योग्य चालले आहे. मिनिटाला सत्तर ते नव्वद फेऱ्या हे लक्ष्य ठेवावे. फेऱ्या साठाच्या खाली जाऊ लागल्या की आणखी हलके गिअर. ते उरले नसेल तर वेग कमी. वर दिलेल्या २२-३४च्या गिअरात मिनिटाला पंचाहत्तर फेऱ्या मारल्या की वेग ताशी सहा किलोमीटर होतो. चालणाऱ्या माणसाहून थोडाच जास्त. तो वेग लाजिरवाणा मानू नये.

तिसरी गोष्ट या मंद वेगाचीच. दोन चाकांवर ताशी सहा किलोमीटरने तोल राखणे हे चढण्याहून वेगळे कौशल्य आहे आणि ते घाटात शिकता येत नाही. ते सपाटीवर शिकून घाटात न्यावे. आम्हांला त्यासाठी कालव्याकडेचा रस्ता मिळाला. १८८५ च्या सुमारास सुरू झालेला नीरा डावा कालवा पाणी स्वतःच्या उताराने वाहावे म्हणून जमिनीच्या समपातळीचा माग काढत गेलेला आहे. त्याला चढ ठाऊकच नाही. त्याच्या कडेने हलक्यात हलके गिअर लावून, पाय भरभर आणि चाक हळू, अशी सायकल सरळ रेषेत ठेवायची. नजर चाकापुढच्या मातीवर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवायची. खांदे, कोपर, बोटे सैल. साध्या सायकलवर चढाला हँडल ओढून जोर काढतात. इथे हँडल ओढले की ते जोर देत नाही, फक्त डावी-उजवीकडे डोलते. हाताने घट्ट धरलेली सायकल पायाने मारलेल्या प्रत्येक धक्क्याला नागमोडी जाते. पायडल ढकलण्याबरोबरच परत येताना पाय उचलून घेतला, फेरी वाटोळी केली, की डोलणे आपोआप कमी होते. बैलगाडी चढाला नागमोडी जाते आणि ते शहाणपण आहे. पण मागून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर येत असताना ते सायकलवाल्याने उचलू नये. ही सायकल बुटकी असल्याने ट्रकच्या केबिनमधून चटकन दिसत नाही, तेव्हा मागे उंच काठीला रंगीत झेंडी हवीच. तोल साधतच नसेल किंवा वयाने नको वाटत असेल तर तीनचाकी रिकंबंट असतेच. तिला कितीही हळू गेले तरी पडण्याची भीती नाही.

चौथी गोष्ट चढावर थांबून पुन्हा निघण्याची. नवख्याची परीक्षा इथे होते. दोन्ही ब्रेक दाबून धरावेत, बळकट पायाखालचे पायडल आपल्याकडे येऊन नुकतेच पुढे झुकलेले असावे, पाठ टेक्याला लागलेली असावी. मग ब्रेक सोडत एक भरीव ढकल द्यावी आणि त्याच ढकलीत दुसरा पाय उचलून पायडलवर घ्यावा. अर्थात गिअर आधीच हलके केलेले हवे. थांबल्यावर ते बदलत नाही. तीनदा साधले नाही तर उतरून सपाट तुकड्यापर्यंत ढकलत न्यावी. पाय पायडलवरून घसरू नये म्हणून पट्टा किंवा खोबणीचे बूट असावेत. पाय पुढे पसरलेले असताना एखादा निसटून जमिनीला लागला तर सायकल पुढे आणि पाय खुर्चीखाली, असा अपघात होतो. घोट्याला तो फार महाग पडतो.

पाचवी आणि शेवटची गोष्ट काळाची. ही बैठक मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू निराळ्या रीतीने वापरते. वर्षानुवर्षे साधी सायकल चालवणाऱ्याचे पायही इथे पहिले काही आठवडे नवखे असतात. दोन-तीन महिने नेमाने चालवल्यावर पाय नव्या बैठकीला सरावतात. तोपर्यंत या सायकलीला चढ चढता येत नाही असा निकाल देऊ नये.

बारामती-इंदापूरच्या सपाटीत चढ शोधावा लागतो. कालव्यावरच्या पुलांचे चार-चार मीटरांचे उंचवटे झाले की पुढची परीक्षा थेट रोटी घाटाची. भीमेचे आणि कऱ्हेचे पाणी वेगळे करणाऱ्या उंचवट्यावर पाटसकडून चढणारा हा छोटा घाट. तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून उंडवडीकडे येते ती याच वाटेने. २०२१ साली पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रस्ता कितीही रुंद केला तरी उंची तीच राहते. बारामतीहून निघालेल्या सायकलवाल्याला तो आधी उताराने भेटतो आणि परतताना चढाने. पुढे काय आहे हे जाताना पाहून घ्यायची सोय त्यात आहे.

आम्ही डिसेंबरातल्या एका सकाळी तिथे गेलो. परतीला पाटस सोडल्यावर चढ दिसू लागला तसे शेषशायीवाल्याने गिअर उतरवले आणि साध्या सायकलवाल्याने सवयीने बूड उचलले. पन्नास मीटरांत दोघांत अंतर पडले. सपाटीवर याच्या उलट झाले होते. वाऱ्याविरुद्ध शेषशायी सहज पुढे जात होती आणि दुसरा मान खाली घालून मागे धापा टाकत होता. म्हणजे सपाटीवर एक पुढे, चढावर दुसरा पुढे, आणि रविवारचे बोलणे कुठेच नाही, असे होऊ लागले होते. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच निसटत होते.

त्यावर उपाय निघाला तो वरच्याच गणिताचा. साध्या सायकलवाल्याने खाली बसायचे, आपलेही हलक्यात हलके गिअर लावायचे आणि ताशी सहाच्या वेगाला यायचे. साध्या सायकलवर इतक्या हळू चढणे स्वाभाविक नाही. पाय उठून उभे राहण्याची भाषा बोलत असतात. पण वारीत दिंडी चालते तिचा वेग तरण्या पायांनी ठरत नाही, टाळ आणि पावली यांनी ठरतो, आणि त्या वेगाने सत्तरीतली माणसेही घाट चढतात. आम्ही शेजारी-शेजारी नाही, वाहतुकीमुळे एकामागे एक, पण हाकेच्या अंतरात चढू लागलो. बोलता येईल एवढाच श्वास लागावा, हे गिअर बरोबर असल्याचे लक्षण मानावे, असे सायकलवाले सांगतात. आम्ही बोलत होतो. वाक्ये तुटक होत होती, पण वाक्ये होत होती. माथ्यावर पोचायला उभ्याने लागला असता त्याच्या दुप्पट वेळ लागला. गुडघे शांत होते आणि हाताला मुंग्या नव्हत्या.

शेडमध्ये जाऊन आम्ही कारागिराला त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. त्याने ते ऐकले, मागचे ३४ दात्यांचे चक्र बोटाने फिरवून पाहिले आणि आम्हांला जे सुचले नव्हते ते बोलून दाखवले. ज्यावर उभे राहता येत नाही अशी सायकल आपल्याकडे केव्हापासून आहे. अपंगांची हाताने फिरवायची तीनचाकी. बसस्थानकाजवळ, बाजारात, पालखीच्या वाटेवरही ती दिसते. तिला बहुतेक वेळा एकच गिअर असतो. सपाटीला ठीक, चढाला जड. पाय वापरता येत नाहीत म्हणून जी दिली, तिने हातांवर मात्र गुरूंचाच भार टाकलेला. मग चढावर कोणीतरी मागून ढकलतो. वारीत तर ढकलणाऱ्या हातांची कमतरता नसते आणि त्या हातांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु वारी वर्षातून एकदा जाते, आणि कालव्यावरच्या पुलाचा चढ त्या माणसाला रोज सकाळी लागतो.

सध्या त्या शेडमध्ये अशीच एक जुनी तीनचाकी उलटी करून ठेवलेली आहे. नुसते मागचे चक्र मोठे केले तर चढ हलका होतो, पण सपाटीवर हात उगाच भरभर फिरवावे लागतात, म्हणून दोन्ही सोयींची चक्रे आणि त्यांवर साखळी सरकवणारा खटका बसवायचा आहे. हाताच्या दांड्याकडून येणारी साखळी सरळ रेषेत राहत नाही, ही अडचण अजून सुटलेली नाही. आम्हांला लोखंडातले कळत नाही. दाते मोजून, भागाकार करून आकडे लिहून देण्याचे काम आमच्याकडे आहे. मात्रा मोजण्याची सवय इथे कामी येते.